डिओ लावला की काखेत पुरळ येतं. घामाच्या वासावर सौम्य, घरगुती उपाय कोणता?

घरगुती म्हणजे सौम्य, हे तुम्हाला कोणी सांगितलं? लिंबू आणि खायचा सोडा यांच्या वाटेला जाऊ नका. कोणीतरी तेच सुचवणार, म्हणून आधीच सांगते.

माझ्या दिराचं लग्न अकोल्याला होतं, तेही मे महिन्यात. कूलर होते, पण सगळा वारा मुलीकडच्यांच्या बाजूला. माझी त्वचा पहिल्यापासून नखरेल, टिकली बदलली तरी कपाळावर चट्टा उठतो. मी डिओ वापरत नाही हे कळल्यावर मोठ्या नणंदबाईंनी हळदीच्या सकाळी वाटीत सोडा घेऊन त्यावर लिंबू पिळलं. फसफसलं, म्हणजे औषध तयार! मी नको नको म्हणत होते. "अगं, नैसर्गिक आहे, काही होत नाही." पाहुण्या बायकांसमोर नव्या सुनेनं किती वाद घालायचा? पंगती उठेपर्यंत काखा भाजल्यासारख्या लाल, त्यात जरीचा ब्लाउज. सीमांतपूजनाला मी हात अंगापासून लांब धरून उभी. आणि ऐकवलं काय, तर "तुझी कातडीच नाजूक." अहो, तेच तर सांगत होते! काळे डाग दिवाळीपर्यंत गेले नाहीत.

पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट. त्वचेचा पीएच ५ च्या आसपास, सोड्याचा ८ च्या वर, लिंबाचा २ च्या जवळपास. यात सौम्य काय आहे? शिवाय लिंबाचा रस लागलेल्या जागी ऊन लागलं तर फोडही येतात.

बरं, तुमचं. ताज्या घामाला फारसा वास नसतोच, काखेतल्या जिवाणूंमुळे तो येतो. बिनवासाचा सौम्य साबण घ्या आणि नंतर काख पूर्ण कोरडी करा. बायका घाईघाईत ओल्या अंगावरच ब्लाउज चढवतात. अस्तर सुतीच लाव, असं टेलरला बजावून सांगा. पॉलिस्टरला वास धरून राहतो. घामच कमी करायचा असेल तर बिनवासाचं अँटीपर्स्पिरंट रात्री झोपताना कोरड्या काखेत लावा. रात्री घाम कमी येतो, त्यामुळे ते नीट मुरतं. केस काढले त्या दिवशी काहीच लावू नका. तुरटी? माझे वडील दाढीनंतर रोज फिरवायचे, त्यांना कधी त्रास झाला नाही. मला मात्र चुरचुरते. काहीही नवीन आणलं की आधी कोपराच्या आतल्या बाजूला दोन-तीन दिवस लावून बघा.

अर्थात हे सगळं पुरळ नसताना. आत्ता असेल तर आधी ते बरं होऊ द्या, जात नसेल तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. वास अचानक बदलला असेल तरीही दाखवा. मेडिकलमधून खाजेची ट्यूब परस्पर आणू नका. त्यातल्या बऱ्याच ट्यूबमध्ये स्टिरॉइड असतं आणि काखेतली त्वचा त्यानं पातळ होते. नणंदबाईंनी नंतर तीही आणून दिली होती. मी उघडलीसुद्धा नाही.