सातव्या अटीखाली सही करू नका

मुंबईतल्या एका डबिंग कलाकार ताईंचं पत्र आहे. एका परदेशी कार्टून मालिकेतल्या आठ वर्षांच्या खट्याळ मुलाला त्या २०१३ पासून हिंदीत आणि पुढे मराठीतही आवाज देत आल्या आहेत. गेल्या दिवाळीत भाच्याच्या टॅबवर त्यांनी एक गेम पाहिला. त्यातला तोच मुलगा म्हणत होता, "चला, दात घासूया, नाहीतर किडे नाचतील!" आवाज हुबेहूब त्यांचा, पण हे वाक्य त्या कधीच बोललेल्या नाहीत. स्टुडिओकडे त्यांची अकरा बिलं थकली आहेत, एकूण १,८६,५०० रुपये. आता को-ऑर्डिनेटरने चार पानी नवं संमतीपत्र पाठवलंय आणि सोबत निरोप: सही करून पाठवा, मग अकाउंट्स पेमेंट सोडेल. ताई विचारतात, मला रॉयल्टी मिळेल का? माझा आवाज असा वापरता येतो का? आणि सही करू का?

अशी पत्रं हल्ली वरचेवर येतात. सगळ्यांचा पहिला प्रश्न रॉयल्टीचा असतो आणि सहीचा प्रश्न शेवटी, जाता जाता विचारलेला. मी शेवटच्या प्रश्नापासूनच सुरुवात करते, कारण बाकी दोन्हींची उत्तरं त्यावर अवलंबून आहेत.

ताई, अट क्रमांक ७ आहे तशी असेल तर सही करू नका. चारही पानं मी वाचली. गुप्ततेची अट, वेळेची अट, रिटेकचे वेगळे पैसे नाहीत ही अट, यांवर वाद घालता येईल, पण त्यांनी तुमचं फार बिघडणार नाही. सातव्या अटीतलं इंग्रजी मराठीत सांगायचं तर असं आहे: कलाकाराने आजवर केलेली आणि यापुढे करणार असलेली सर्व ध्वनिमुद्रणं, त्यांच्यापासून तयार होणाऱ्या कृत्रिम आवाजासह, सर्व माध्यमांत, जगभर आणि कायमस्वरूपी स्टुडिओच्या मालकीची राहतील. यातला "आजवर" हा शब्द पेनाने अधोरेखित करा. तुमचं सगळं प्रकरण त्या एका शब्दात आहे.

हा शब्द त्यांना का हवाय, ते तुमच्या जुन्या कागदावरून कळतं. २०१३ ते २०१८ या काळात तुम्ही कशावरही सही केलेली नाही. २०१८ मध्ये एका अर्ध्या पानावर केलीत. तुम्हीच लिहिलंय की दोन टेकच्या मध्ये, हेडफोन गळ्यात असताना, मिक्सरच्या कडेवर कागद ठेवून सही केली आणि वाचलं नाही. प्रतही घेतली नाही. तिचा फोटो आता सात वर्षांनी मागून घेतलात. स्वतःच्या गळ्यावर घर चालवणाऱ्या माणसाने त्या गळ्याचा कागद न वाचता द्यावा, याचा मला खरंच राग येतो. सुदैवाने तो कागद लिहिणाराही घाईतच होता. या मालिकेसाठीच्या ध्वनिमुद्रणाचे हक्क स्टुडिओला देत आहे, एवढंच त्यात आहे. किती वर्षांसाठी, ते लिहिलेलं नाही. कुठल्या प्रदेशासाठी, तेही नाही.

कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १९ नुसार हक्क लिहून देताना मुदत नमूद केली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, आणि प्रदेश नमूद नसेल तर हस्तांतरण भारतापुरतं धरतात. कलम ३९-अ मुळे हे नियम, योग्य त्या फेरफारांसह, सादरकर्त्याच्या, म्हणजे गाणाऱ्या, अभिनय करणाऱ्या किंवा आवाज देणाऱ्या कलाकाराच्या, हक्कालाही लागू होतात. म्हणजे २०१८ चा कागद हस्तांतरण म्हणून २०२३ मध्येच संपला, असं मांडायला तुमच्याकडे भक्कम जागा आहे. शिवाय कलम १८ मध्ये २०१२ च्या दुरुस्तीने एक परंतुक, म्हणजे "परंतु" म्हणून जोडलेली अट, आलं: हक्क दिले त्या वेळी जो वापर अस्तित्वातच नव्हता किंवा व्यवहारात रुळला नव्हता, तो कागदात स्पष्ट नाव घेऊन लिहिलेला नसेल तर त्याला ते हस्तांतरण लागू होत नाही. २०१८ च्या अर्ध्या पानावर कृत्रिम आवाजाचं नाव कुठून असणार? नव्या चार पानांत मात्र ते तीनदा आलंय. जे त्यांच्या हातात आधीपासून असतं, त्यासाठी थकलेली बिलं अडवून कोणी सही मागत नाही.

तुमची एक समजूत इथे दुरुस्त करायला हवी. जुने भाग चॅनेलवर पुन्हा लागतात ते तुम्हाला थांबवता येणार नाहीत. कलम ३८-अ सांगतं की सादरकर्त्याने लेखी कराराने आपलं सादरीकरण चित्रपटात घ्यायला संमती दिली, की त्याच चित्रपटातल्या वापराला, वेगळं काही ठरलेलं नसेल तर, हरकत घेता येत नाही. कायद्याच्या लेखी कार्टून मालिकाही चित्रपटच. २०१८ च्या आधीच्या भागांना लेखी संमती नाही हे खरं, पण तुम्ही पैसे घेतलेत आणि वर्षानुवर्षं काम केलंत. तुमची मूक संमती होती असं ते म्हणतील, आणि न्यायाधीश ते ऐकून घेतील. त्या भागांच्या मागे लागू नका. तुमचं बळ "त्याच चित्रपटात" या दोन शब्दांत आहे. दात घासायचा गेम म्हणजे तोच चित्रपट नव्हे. तिथे तुमचा आवाज कुठल्या कागदाच्या आधारे गेला, याचं उत्तर आज त्यांच्याकडे नाही. सातव्या अटीखाली सही केलीत की ते उत्तर तुम्हीच त्यांच्या हातात द्याल.

"मी पडद्यावर दिसत नाही, मग मी कायद्याने कलाकार कशी?" असंही तुम्ही विचारलंय. आहात. नेहा भसीन यांच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २००६ मध्येच म्हटलं की स्टुडिओत माइकसमोर गायलेलं गाणंही प्रत्यक्ष सादरीकरणच असतं, समोर प्रेक्षक असोत वा नसोत. २०१३ च्या कॉपीराइट नियमांतही स्टुडिओतलं ध्वनिमुद्रण सादरीकरणात धरलेलं आहे. कायदा वगळतो तो किरकोळ, प्रासंगिक आणि धंद्याच्या रीतीप्रमाणे श्रेयनामावलीत न येणाऱ्या कामाला. बाजारातल्या गर्दीचा गलका तुम्ही दिला असेल तर तो यात जाईल. दशकभर केलेला मुख्य मुलगा जाणार नाही. मराठी आणि हिंदी आवृत्त्यांत डबिंग कलाकारांची नावं बहुतेकदा देत नाहीत, म्हणून समोरचा वकील हा मुद्दा काढेल. त्यासाठी जुनी व्हाउचरं शोधा. त्यांवर पात्राचं नाव असतं.

आता रॉयल्टी. कलम ३८-अ चं परंतुक म्हणतं की व्यापारी वापर झाल्यास सादरकर्त्याला रॉयल्टीचा हक्क आहे. ती किती, कोणी वसूल करायची, मानधनातच ती आली असं करारात लिहिलं तर चालतं का, यावर मी तुम्हाला छातीठोक काही सांगणार नाही. लेखक-संगीतकारांच्या बाबतीत हा हक्क सोडून देता येत नाही असं कायद्यात स्पष्ट लिहिलंय, सादरकर्त्यांच्या कलमात तितकं स्पष्ट नाही. गायकांनी इस्रा ही संस्था उभारून वसुली सुरू केली. डबिंगवाल्यांना अजून एकेकट्याने भांडावं लागतं. त्या रकमेवर आज घराचं गणित मांडू नका.

आवाजाची नक्कल हा दुसरा अनिश्चित भाग. मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये अरिजित सिंग यांना आणि २०२५ मध्ये आशा भोसले यांना, एआयने त्यांच्या आवाजाची नक्कल करण्याविरुद्ध अंतरिम संरक्षण दिलं. हे आदेश तुमच्या उपयोगाचे आहेत, पण एक फरक मनात ठेवा. तो आवाज कोणाचा, हे ऐकताक्षणी सगळ्यांना कळतं. तुमचा आवाज पोरांना पाठ आहे, पण ती त्याला त्या मुलाच्या नावाने ओळखतात. आणि तो मुलगा, त्याचं नाव, त्याचं चित्र निर्मात्याचं आहे. म्हणून आवाज ही माझी ओळख आहे, एवढ्यावर दावा उभा करण्यापेक्षा, माझ्या ध्वनिमुद्रणाचा परवानगीबाहेर वापर केला, यावर तो उभा करा. तो पाया जास्त भक्कम आहे.

या आवाजाची किंमत त्यांना नीट ठाऊक आहे. लहान मुलांचे आवाज बायका देतात, कारण खऱ्या मुलाचा आवाज तेरा-चौदाव्या वर्षी फुटतो आणि बाईचा फुटत नाही. जपानमध्ये मासाको नोझावा १९८६ पासून 'ड्रॅगन बॉल' या कार्टून मालिकेतल्या गोकूचा आवाज देत आल्या आहेत, आणि २०२४ च्या नव्या मालिकेतही त्याच होत्या. तुमच्यापुढेही अशी पंचवीस-तीस वर्षं असू शकतात. "कायमस्वरूपी" हा शब्द याच वर्षांसाठी आहे.

थकलेल्या पैशांचं प्रकरण वेगळं आहे आणि वेगळंच ठेवा. केलेल्या कामाचे पैसे आधीच देणं लागतात, ते देण्यासाठी नवी सही मागायचा स्टुडिओला काही अधिकार नाही. पण मुदतीच्या कायद्याप्रमाणे पैसे द्यायची तारीख ठरलेली नसेल तर काम पूर्ण झाल्यापासून तीन वर्षांच्या आत दावा लागतो, आणि प्रत्येक बिलाची तीन वर्षं वेगळी मोजतात. तुमचं सर्वांत जुनं बिल ऑगस्ट २०२३ मधल्या कामाचं आहे. म्हणजे ऑगस्ट २०२६ मध्ये ते बाद व्हायला लागेल, मग सप्टेंबरचं, मग पुढचं. अकाउंट्सवाला फोनवर "मॅडम, प्रोसेस में है" म्हणतो त्याने मुदत वाढत नाही. मुदत संपायच्या आत देणं लेखी मान्य केलं, खाली सही असली, तर तिथून नवी तीन वर्षं सुरू होतात. म्हणून बाकी रकमेची पुष्टी ई-मेलवर मागा, व्हॉइस नोटवर नको. आणि तुमचा फॉर्म २६एएस, म्हणजे तुमच्या नावावर भरलेल्या कराचा आयकर खात्याकडचा उतारा, काढून बघा. काही बिलांवर पैसे न देताच टीडीएस कापून भरलेला असू शकतो. तसं दिसलं तर तो चांगला पुरावा आहे, जरी तेवढ्याने मुदत वाढते का यावर मतभेद आहेत. उद्यम नोंदणी तुम्ही गेल्या वर्षी केलीत, त्यामुळे त्याआधीच्या बिलांना सूक्ष्म उद्योगांच्या कायद्याचं जबर व्याज मिळेल याची मला फारशी आशा वाटत नाही.

खरी चिंता दिवाळीपासूनच्या तुमच्या गप्प राहण्याची आहे. गेम थांबवायला तातडीचा मनाई हुकूम मागायचा, तर न्यायाधीशांचा पहिला प्रश्न असतो, तुम्हाला कधी कळलं? एवढे महिने काय केलं? तातडी नाही असं ठरलं तर तीन लाखांवरच्या व्यापारी वादात आधी मध्यस्थीला जावंच लागतं, सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये हे बंधनकारक ठरवलंय. तिथे तीन महिने, आणि नंतर तारखांवर तारखा. आपल्या न्यायालयांत साधा अंतरिम अर्ज ऐकला जाईपर्यंत पोरं एका कार्टूनवरून दुसऱ्यावर गेलेली असतात. हे बोलताना मला आनंद होत नाही, पण हेच डोळ्यांसमोर ठेवून पावलं टाका. नंतर "दबावाखाली सही केली" असं सिद्ध करायला याहून जास्त वर्षं लागतील. म्हणून आत्ता सही न करणं हाच सर्वांत स्वस्त उपाय आहे.

को-ऑर्डिनेटरला ई-मेलवर एवढंच लिहा: "माझी पुढील अकरा बिलं थकलेली आहेत, एकूण रक्कम १,८६,५०० रुपये. या रकमेचा नव्या संमतीपत्राशी संबंध नाही. कृपया रक्कम मान्य असल्याचं कळवावं आणि पंधरा दिवसांत अदा करावी. संमतीपत्रातली अट क्रमांक ७ मला मान्य नाही. माझ्या ध्वनिमुद्रणावरून कृत्रिम आवाज तयार करण्यास मी आजवर परवानगी दिलेली नाही." गेमचा उल्लेख या ई-मेलमध्ये करू नका. त्याची नोटीस वकिलामार्फत, निर्मात्यालाही जाईल अशी, वेगळी जाऊ द्या.

तुम्हाला भीती आहे की काम जाईल. जाऊ शकतं. कोणालाही तुमच्याकडूनच डबिंग करून घ्यायला कायदा भाग पाडत नाही, आणि हा निर्णय तुमच्यासाठी मी घेऊ शकत नाही. पण काम ठेवायचं असेल तरी सही करण्याची रीत आहे. सातव्या अटीतला "आजवर केलेली" हा भाग खोडा. मालिकेचं नाव आणि सीझन लिहा. मुदत लिहा, तीन वर्षं म्हणा. प्रदेश भारत. कृत्रिम आवाजाचं वाक्य पूर्ण खोडून "यासाठी स्वतंत्र लेखी करार व स्वतंत्र मानधन" असं हाताने लिहा. प्रत्येक खोडलेल्या जागेजवळ दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या आणि प्रत हातात आल्याशिवाय स्टुडिओतून निघू नका. असे बदल मान्य करणारे स्टुडिओ आहेत, मी स्वतः करून घेतले आहेत.

आणि भाच्याच्या टॅबवरून तो गेम आज कोणी काढून टाकू नये. दुसऱ्या फोनने सलग व्हिडिओ घ्या: ॲप उघडताना, बनवणाऱ्याचं नाव दिसताना, आणि ते वाक्य पूर्ण ऐकू येताना. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं, भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र आपण त्यावरच करू. त्यामुळे तो फोन विकू नका आणि फॉरमॅटही करू नका.