पारंपरिक आयरिश धुनांना आजच्या लयीची जोड देणारा, केवळ वाद्ये वाजवणारा चांगला बँड कोणता? त्यामुळे मूळ संगीत बिघडत नाही का?

माझ्या मते अशा श्रोत्याने ‘लूनसा’ ऐकावा. १९९७ च्या सुमारास आयर्लंडमध्ये जमलेल्या या बँडने ऑगस्टच्या आरंभी येणाऱ्या प्राचीन सुगीच्या सणाचे नाव घेतले आहे.

या बँडमध्ये ड्रम्स नाहीत, हे प्रथम ऐकताना लक्षातही येत नाही. लयीचा सगळा भार ट्रेव्हर हचिन्सन यांच्या डबल बासवर (खर्जातल्या मोठ्या तंतुवाद्यावर) आणि गिटारवर असतो; हचिन्सन पूर्वी ‘वॉटरबॉईज’ या रॉक बँडमध्ये बास वाजवत असत, आणि ते वळण इथेही जाणवते. मूळ पद्धतीत फिडल (म्हणजे व्हायोलिन), बासरी आणि बगलेतल्या भात्याने हवा भरून वाजवायचे इलन पाइप्स ही सारी वाद्ये एकच धून एकत्र वाजवतात. आठ मात्राखंडांचा पहिला भाग दोनदा, मग दुसरा दोनदा, अशी आवर्तने झाली की न थांबता पुढची धून सुरू होते. (दादऱ्याची सवय असलेल्या कानाला सहा मात्रांची जिग ही नृत्यधून चटकन ओळखीची वाटते.) लूनसा या चौकटीला हात लावत नाही. केव्हिन क्रॉफर्ड यांच्या बासरीवर धून तिच्या सगळ्या हरकतींसह जशीच्या तशी येते, पण तिच्याखालचे कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरसमूह) आणि गिटारचे आघात आवर्तनागणिक बदलत राहतात. कधी बास मध्येच गप्प होतो आणि नव्या धुनेच्या समेवर परततो, तेव्हा तीच चाल एकदम भारदस्त होते.

त्यामुळे संगीत बिघडते असे मला वाटत नाही. आज ज्याला आपण परंपरा म्हणतो, त्यातले बुझुकी हे मूळ ग्रीक तंतुवाद्यच मुळी १९६० च्या दशकात आयर्लंडमध्ये आले, आणि १९७० च्या दशकात ‘बॉथी बँड’ने त्याच्या व गिटारच्या साथीने या धुनांना जो जोर दिला, त्याच वाटेवर लूनसा पुढे चालला आहे. तक्रार करायचीच तर वेगाची करता येईल: द्रुत रील (चार मात्रांच्या नृत्यधुना) एकापाठोपाठ आल्या की त्या सारख्याच वाटू लागतात. अशा वेळी बँडमधल्या किलियन व्हॅलेली यांचे पाइप्सवरचे संथ वादन अधिक भावते.

आरंभ १९९९ च्या ‘अदरवर्ल्ड’ या अल्बमने करावा. त्यानंतर किनिटीच्या किल्ल्यात श्रोत्यांसमोर ध्वनिमुद्रित केलेला ‘द किनिटी सेशन्स’ ऐकावा. आरटीई (आयर्लंडची राष्ट्रीय प्रसारण संस्था) कॉन्सर्ट ऑर्केस्ट्रासोबतचा २०१३ चा अल्बम मात्र शेवटी ठेवावा, कारण बासला खेळण्यासाठी लागणारी मोकळी जागा त्यात ऑर्केस्ट्रानेच व्यापून टाकली आहे.