बाहेरची लायटिंगची माळ अर्धीच का पेटते?

प्रश्न : गच्चीच्या कठड्यावरची एलईडी माळ दिवाळीपासून तशीच होती. पावसाळ्यानंतर अर्धीच पेटते. दोन ठिकाणी टेप लावून जोडली, आठवड्यात पुन्हा बंद. फेकून द्यावी का? (वाचक, मानेवाडा)

उत्तर : फेकू नका, टेप मात्र सोडवा. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या घरात गेला की पीव्हीसी टेपचा गोंद पातळ होऊन टेप सरकते आणि जुलैत त्याच फटीतून पाणी आत शिरतं. तांबं आधी काळं, मग हिरवं पडतं आणि जोड तुटतो.

अशा माळेत दिवे गटागटाने एकामागे एक, म्हणजे सिरीजमध्ये असतात. एक सांधा सुटला की तो अख्खा गट विझतो. म्हणून विझलेला भाग कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते पाहून ठेवा. मग प्लग काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, कारण माळ थेट २३० व्होल्टवर चालते. आता मल्टिमीटर (वीज मोजायचं मीटर) डायोडच्या खुणेवर ठेवून त्या भागातला एकेक दिवा तपासा. चांगला दिवा एका बाजूने मंद पेटतो, दोन्ही बाजूंनी पेटला नाही तर मेला. मीटर नसेल तर ३ व्होल्टचा बटण सेल दिव्याच्या दोन्ही पायांना क्षणभर लावा. बदली दिवा त्याच रंगाचा घ्या, लाल आणि पांढऱ्या एलईडीचं व्होल्टेज वेगळं असतं. मेलेल्या दिव्याचे पाय आपसांत जोडूनही गट पेटतो, पण उरलेल्यांवर ताण वाढतो. एकदा ठीक, त्याच गटात पुन्हा नको.

दिवे चांगले निघाले तर दोष वायरीत. चकचकीत तांबं दिसेपर्यंत वायर कापत मागे जा. वीतभर कापूनही काळीच निघाली तर तो तुकडा बाद. हीट श्रिंक स्लीव्हचा (तापवली की आवळणाऱ्या नळीचा) आतून गोंद असलेला ४ सेंटिमीटरचा तुकडा आधी वायरीत ओवा (हे विसरलं की सगळं पुन्हा उकलावं लागतं), १ सेंटिमीटर वायर सोला, पीळ द्या, सोल्डर करा, स्लीव्ह मध्यावर आणून तापवा. कडेने गोंद बाहेर डोकावला की समजा पाणी अडलं. शेजारच्या दोन वायरींचे जोड समोरासमोर येऊ देऊ नका, ३ सेंटिमीटर मागेपुढे ठेवा. वरून सिलिकॉन लावायचं तर व्हिनेगरसारखा वास येणारं घेऊ नका, त्यातलं आम्ल तांबं खातं.

सोल्डर धरतच नसेल तर वायरीला लोहचुंबक लावून पाहा. चिकटलं तर तांब्याचा नुसता मुलामा आहे. तिच्यावर वेळ घालवण्यात अर्थ नाही.

कंट्रोलरची डबी मात्र काढून टाकू नका. एसीचं (दिशा बदलत राहणाऱ्या विजेचं) डीसी (एकाच दिशेची वीज) त्यातले डायोडच करतात. ती पावसात न ठेवता खिडकीच्या आत घ्या.

प्रश्न : अंगणात होल्डरवाली माळ आहे, ९ वॅटचे १० बल्ब. पाऊस आला की आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) पडतो. (वाचक, धरमपेठ)

उत्तर : भार ९० वॅटच आहे, तेव्हा भाराचा प्रश्न नाही. ओल्या होल्डरमधून वीज जमिनीकडे झिरपते. घरातला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी त्यासाठीच असतो, त्याला वगळून वायर जोडू नका. प्लग काढून बल्ब उतरवा. होल्डरमधल्या पितळी पिनांवर हिरवट थर किंवा काळे डाग दिसले तर घासत बसू नका, होल्डरच बदला. बर्डीत किंवा इतवारीत रबरी वॉशरचे, बाहेरच्या वापराचे होल्डर मागा. लावताना तोंड खाली ठेवा, आणि वायर प्लगकडे वर जाण्याआधी एक झोळ सोडा, म्हणजे पाणी तिथेच टपकेल.

प्रश्न : सोलर माळ तासाभरातच विझते. (वाचक, प्रतापनगर)

उत्तर : आधी पॅनेलवरची धूळ ओल्या फडक्याने पुसा. दोन दिवसांच्या उन्हानंतरही तसंच झालं तर सेल थकला. मागची डबी उघडून सेलवरचा मजकूर वाचा. बऱ्याच छोट्या माळांत १.२ व्होल्टचा निकेल मेटल हायड्राइड असतो, काहींत लिथियम. जो असेल तोच घ्या. घड्याळाचा साधा पेन्सिल सेल चार्ज व्हायला लागला तर गळतो आणि स्प्रिंगही खराब करतो.