इरिगेशनचं किट उकळायचं का, आणि विमानात कुठल्या बॅगेत ठेवायचं?

वडिलांची कोलोस्टॉमी झालीये, म्हणजे मोठं आतडं पोटावर उघडून शौचाची वाट तिथून काढलीये, नर्सने इरिगेशन, म्हणजे त्या वाटेने पाणी घालून आतडं रिकामं करणं, शिकवलंय, आता पहिल्यांदाच विमानाने जायचंय, आणि तुमचे प्रश्न दोन. किट दर वेळी उकळून जंतुनाशकातून काढायचं का, आणि "चारचौघांत लाजिरवाणं होऊ नये म्हणून" ते चेक-इनच्या मोठ्या बॅगेत टाकलं तर चालेल का. पहिल्याचं उत्तर नाही. दुसऱ्याचं उत्तर तर अजिबातच नाही, आणि त्या दुसऱ्यापायीच मी एवढं टाइप करायला बसलेय.

माझी कोलोस्टॉमी कायमची आहे, गुदाशयाच्या कॅन्सरनंतरची, डाव्या बाजूला. एक दिवसाआड सकाळी इरिगेशनचं पाणी घेते आणि मधल्या वेळात त्या तोंडावर नुसती छोटी कॅप लावून हिंडते. किट तुम्हाला नर्सने दाखवलंच असेल, बाकीच्यांसाठी एका ओळीत: पाण्याची पिशवी, तिची क्लॅम्पवाली नळी, नळीच्या टोकाचा कोन, आणि घाण कमोडपर्यंत नेणारी लांब प्लास्टिकची स्लीव्ह.

तर माझ्या मोठ्या नणंदबाई. मी त्यांना ताई म्हणते. आयुष्यभर ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स होत्या, आता रिटायर झाल्यात, पण थिएटर काही डोक्यातून गेलेलं नाही. माझं ऑपरेशन झालं तेव्हा सगळ्यात जास्त धावपळ त्यांनीच केली हे आधी कबूल करते, नाहीतर पुढचं वाचून तुम्ही म्हणाल ही बाई कृतघ्न आहे. पण इरिगेशन सुरू झालं त्या दिवसापासून त्यांचं एकच पालुपद, स्टराइल पाहिजे, सगळं स्टराइल पाहिजे. मी म्हणायचे ताई, हा कोन जिथे जातो तिथे जंतूंची अख्खी वस्ती आहे, ते मोठं आतडं आहे, मूत्राशय नाही. पटायचं नाही. नंतर माझ्या स्टोमा नर्सने (स्टोमा म्हणजे पोटावरचं आतड्याचं तोंड) सांगितलं तेव्हा उलगडा झाला. पूर्वी इरिगेशनला कोन नव्हता, स्टोमातून रबरी कॅथेटरच आत सरकवायचे, त्यात आतड्याला भोक पडायचा धोका असायचा म्हणून मग कोन आला, तो आत खोल जातच नाही, तोंडाशी बसतो आणि पाणी उलटं बाहेर येऊ देत नाही. आणि रबरी नळ्या उकळायचीच तेव्हा पद्धत होती. ताई त्याच काळात शिकल्या. त्यांच्या दृष्टीने नळी दिसली की ती उकळायची.

इथपर्यंत ठीक होतं. माझं घर, माझं बाथरूम, मी माझ्या पद्धतीने धुवायचे आणि त्या नाक मुरडायच्या. खरी ठिणगी पडली ती प्रवासात.

ताईंचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, परदेशात असतो, त्याच्याकडे आम्ही तिघं निघालो, ताई, मी आणि माझा नवरा. मी नेहमीसारखं किट माझ्या केबिन बॅगेत तळाशी भरलेलं. एअरपोर्टवर मी पाच मिनिटं वॉशरूमला गेले तेवढ्यात ताईंनी माझी बॅग उघडून किटची पिशवी उचलली आणि स्वतःच्या मोठ्या बॅगेत कोंबली आणि ती बॅग काउंटरवर गेलीसुद्धा. मला कळलं ते सिक्युरिटी पार झाल्यावर, कारण त्या मोठ्या समाधानाने म्हणाल्या, "बघ, कुणाला काही दिसलं नाही ना? उगाच तपासणीत सगळ्यांसमोर ती नळी बाहेर काढली असती." मी काही बोलले नाही. नवराही बोलला नाही, तो अशा वेळी बोलत नाही, त्याचं वेगळं उत्तर कधीतरी लिहीन.

उतरलो. बेल्ट फिरतोय फिरतोय, आमच्या दोन बॅगा आल्या, ताईंची नाही. आता हरवलेल्या सामानाचा फॉर्म भरायचा तर त्यात आत काय काय होतं ते लिहावं लागतं. मी लिहायला लागले, कोलोस्टॉमी इरिगेशन किट, तर ताई कानाशी, "अगं तसं नको लिहू, कपडे लिही नुसतं." तिथे मात्र माझं डोकं सटकलं. तिथल्या माणसाला मी मोठ्याने समजावून सांगितलं की हे मेडिकल सामान आहे, ह्याच्याशिवाय माझं अडतं, आणि काय सांगू, त्या माणसाच्या चेहऱ्यावरची माशीही हलली नाही, त्याने शांतपणे टाइप केलं आणि अर्जंट म्हणून नोंद केली. लाज फक्त आमच्याच घरात होती.

त्या दिवशी माझा पाणी घ्यायचा दिवस होता. पाणी चुकलं की आतडं आपल्या मनाने काम करतं, कधी होईल सांगता येत नाही, कॅपवर तर ते भागूच शकत नाही. माझ्या पर्समध्ये पाउच, म्हणजे स्टोमावर लावायच्या शौच गोळा करणाऱ्या पिशव्या, कायम असतात, म्हणून निभावलं. ऑपरेशननंतरच्या पहिल्या महिन्यांसारखी परत चोवीस तास पाउच लावून बसले, कुठे बाहेर जायचं म्हटलं की आधी वॉशरूम कुठाय ते बघायचं. भाच्याने बिचाऱ्याने फोनाफोनी करून एका हॉस्पिटलच्या स्टोमा नर्सला गाठलं, तिने आणखी पाउच दिले. स्लीव्हही होती तिच्याकडे पण ती दुसऱ्या मापाची, पोटावर चिकटवलेल्या माझ्या रिंगवर बसेना.

मग एकदाची बॅग आली. मी झोपले होते. ताईंनी बॅग उघडली, किट बघितलं, आणि "कुठे कुठे फिरून आलंय कोण जाणे" म्हणून सगळंच्या सगळं उकळत्या पाण्यात घातलं, वर जंतुनाशक ओतलं. उठून बघते तर पाण्याची पिशवी कडेने झिरपतेय, नळी आतून चिकटलेली, आणि कोनला असा वास की तो पोटाजवळ न्यायची हिंमत होईना. विमान कंपनीच्या तावडीतून जे सुखरूप सुटलं ते घरच्या स्वच्छतेने गेलं. ताईंचं आजही म्हणणं आहे की बॅग शेवटी मिळाली होती ना, मग एवढं काय. ह्या घरात ह्या विषयावर दोन पक्ष आहेत आणि तुमचा प्रश्न वाचून मला तिसरा साक्षीदार मिळाल्यासारखं वाटलं.

आता धुण्याचं. तीन वस्तूंचा मामला तीन प्रकारचा आहे, सगळ्याला एकच नियम लावला की गडबड होते.

पाण्याची पिशवी आणि नळी ह्यातून फक्त चांगलं पाणी जातं, त्यांना घाण लागतच नाही. त्यांचा शत्रू ओल. आत पाणी राहिलं की बुरशी धरते, नळीत काळे ठिपके दिसायला लागतात. म्हणून वापरून झालं की क्लॅम्प पूर्ण उघडा ठेवून, नळी खाली सोडून टांगायची, तोंड उघडं, सावलीत. क्लॅम्प बंद करून ठेवलेली नळी आतून वाळत नाही, साधी गोष्ट आहे पण निम्मे लोक तिथेच चुकतात. पाणी जड असेल आणि पांढरा थर धरत असेल तर अधूनमधून पाण्यात थोडं पांढरं व्हिनेगर घालून ते आतून फिरवायचं, मग साध्या पाण्याने भरपूर खंगाळायचं.

स्लीव्हला मात्र घाण लागते, आणि तिथे सगळ्यांचा हात आपोआप गरम पाण्याकडे जातो. नको. गरम पाण्याने वास प्लास्टिकमध्ये जास्त बसतो आणि प्लास्टिकही लवकर खराब होतं. थंड किंवा कोमट पाणी, आणि तेही अंगावर असतानाच वरच्या तोंडातून मगभर ओतायचं म्हणजे सगळं खाली कमोडमध्ये वाहून जातं. मग काढून सौम्य साबणाने धुवायची, दोन्ही तोंडं उघडी ठेवून टांगायची. वास जाईनासा झाला किंवा प्लास्टिक कडक झालं की फेकायची, तिच्यावर जीव लावू नका. हे सगळं बाथरूममध्ये, जेवणाची भांडी घासतो त्या सिंकमध्ये नाही, आणि नंतर हात साबणाने. बस.

कोन साबण-पाण्याने धुवायचा, बोटाने चाचपायचा, कुठे खरखरीत कड किंवा चीर लागली तर बदलायचा, कारण तो नाजूक जागी टेकतो. वंगण पाण्यात विरघळणारं वापरा, व्हॅसलीनसारखं तेलकट नको, ते कातडीवर राहिलं की वर काही चिकटत नाही. ब्लीच, स्पिरिट, फिनेल हे तर किटच्या आसपासही नको. आपण जेवायचं ताट रोज उकळतो का? घासतो, विसळतो, कोरडं ठेवतो. तेवढंच. ताईंसारखं कुणी घरात असेल तर किटसोबत आलेला कागद त्यांच्या हातात द्या, माझ्या नव्हे पण छापील शब्दावर अशा माणसांचा विश्वास असतो.

प्रवासाचं. किट हातातल्या बॅगेत. वाद नाही. आणि लागेल त्याच्या दुप्पट सामान घ्या, त्यात साधे पाउच हवेतच, इरिगेशन किती का नियमित असेना, कारण प्रवासात पोट बिघडलं तर पाणी घेणं बंदच ठेवावं लागतं, जुलाबात इरिगेशन करत नाहीत. पाण्याची पिशवी रिकामी न्यायची, मग सिक्युरिटीला काही अडचण नसते. जेल, लिक्विड साबण बहुतेक ठिकाणी 100 मिलीपर्यंतच्या बाटलीत. पाउचचं भोक स्टोमाच्या मापाने घरूनच कापून न्या म्हणजे कात्रीचा प्रश्नच उरत नाही. डॉक्टरांचं सामानाच्या यादीसकट एक पत्र बरोबर असावं. बॉडी स्कॅनरमध्ये पाउच दिसू शकतो, मग बाजूला बोलावतात, आपण आधीच हळू आवाजात सांगितलं आणि वेगळ्या खोलीत तपासा म्हटलं तर नेतात. मला तर आजवर कुणी वेडंवाकडं बोललेलं नाही.

पाण्याचा नियम सोपा, जे पाणी पिणार नाही ते पोटातही घालायचं नाही. मोठं आतडं पाणी शोषतं, बाहेरून आलेलं सगळं बाहेरच जाईल असं नाही. शंका असेल तिथे बाटलीतलं किंवा उकळून कोमट केलेलं. हां, उकळायची एवढी हौस असेल तर पाणी उकळा, किट नको! शरीराइतकं कोमट हवं, थंड पाण्याने कळ येते, चक्कर येते.

हॉटेलात खरी पंचाईत हुकची. पिशवीचा तळ बसल्यावर खांद्याच्या उंचीला पाहिजे, आणि हॉटेलच्या बाथरूममध्ये हुक एकतर दाराच्या मागे नाहीतर डोक्याच्या हातभर वर, आणि फार वर टांगलं की पाणी जोरात जातं आणि पोटात पिळा पडतो. मी इंग्रजी एस आकाराचे दोन हुक आणि एक दोरीचा तुकडा नेते, दोरीने उंची पाहिजे तशी करता येते. वेळ तासभर धरा. पाणी जायला पाच-दहा मिनिटं, पण सगळं बाहेर यायला अर्धा-पाऊण तास, एकच बाथरूम असलेल्या पाहुण्यांच्या घरी हे आदल्या रात्रीच सांगून टाकावं. निघायच्या सकाळी किट ओलंच पॅक करावं लागतं, टॉवेलने टिपून झिपच्या पिशवीत घाला, पण पोचल्यावर पहिलं काम ते काढून टांगायचं. आणि गाडीत उन्हात ठेवू नका, पाउचचा चिकट भाग उष्णतेने वितळतो. दुसऱ्या देशात घड्याळ बदललं तरी आतडं मधलं अंतर मोजतं, चोवीस किंवा अठ्ठेचाळीस तास, त्या हिशोबाने बघा, आणि प्रवासाच्या दिवशीच नवी वेळ सुरू करायचा प्रयोग नको.

एक विचारते, राग मानू नका. किट मोठ्या बॅगेत टाकायचं हे वडील म्हणाले की तुम्ही? कारण प्रश्नात वडिलांचं मत कुठेच नाहीये. ते जर हाताने धडधाकट असतील तर धुणंही त्यांनी करावं, भरणंही त्यांनीच. माझी बॅग माझ्या परवानगीशिवाय उघडली गेली त्याचा राग मला किट हरवल्यापेक्षा जास्त आहे, आणि उघडणाऱ्याचा हेतू चांगला होता हे मला माहीत असूनही आहे.

आता जे सुरुवातीलाच लिहायला हवं होतं ते. हे सगळं डाव्या बाजूच्या कोलोस्टॉमीबद्दल आहे, इलिओस्टॉमीवाल्यांनी, म्हणजे ज्यांचं लहान आतडं पोटावर उघडलंय त्यांनी, ह्यातलं काही करू नये. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल, स्टोमाभोवती हर्निया असेल, स्टोमा नेहमीपेक्षा जास्त बाहेर आलेला असेल, केमो किंवा रेडिएशन चालू असेल तर आधी डॉक्टर, मग इरिगेशन. पाणी किती घ्यायचं ते नर्सने सांगितलंय तेवढंच, नेटवर बघून वाढवू नका. पाणी आत जाईना म्हणून कोन जोराने रेटायचा नाही, जरा थांबायचं, दिशा बदलून बघायचं, नाहीच गेलं तर त्या दिवशी सोडून द्यायचं आणि पाउच लावायचा. एकाचं किट दुसऱ्याने वापरायचं नाही, धुतलेलं असलं तरी. आणि वडिलांची सिस्टिम दोन भागांची (रिंग वेगळी, पाउच वेगळा) असेल तर निघायच्या आधी जादाची स्लीव्ह एकदा रिंगवर बसवून बघा, कंपनी किंवा माप वेगळं असेल तर बसत नाही आणि ते परक्या बाथरूममध्ये कळण्यात काही मजा नाही.