मंडळात जाते, पण मंडळाची झाले नाही

भजनी मंडळ असो की कराओकेचा ग्रुप, “गायला जाते, पण तिथं आपलं असं कुणी नाही” ही तक्रार पन्नाशी-साठीतली माणसं माझ्याकडे हमखास आणतात. परभणीतल्या एका काकूंचं सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

काकू मूळच्या गंगाखेडच्या, जनाबाईंच्या गावच्या. काका गेल्यावर मुलाकडे परभणीला आल्या आणि कॉलनीतल्या महिला भजनी मंडळात जाऊ लागल्या. “मॅडम, मी नुसती जायले अन् यायले. ताप आला म्हणून दोन गुरुवार गेले नाही, तर कुणी साधा फोन केला नाही. माझा आवाज बरा नाही म्हणूनच असंल.”

आवाजाचं मी बाजूला ठेवलं. कुठं बसता, शेजारी कोण, आरतीनंतर काय होतं, ते विचारलं. काकू दर वेळी दाराजवळ, मागे. शेजारच्या बाईंचं नावही ठाऊक नाही. मंडळाची भजन स्पर्धेची तयारी चाललेली. चांगल्या आवाजाच्या बायका माइकभोवती, तेच दोन अभंग घोटणं, आरती झाली की ज्या त्या घरी. स्पर्धेनं सूर-ताल सुधारतात, हे खरंच. पण त्या दिवसांत मागच्या बायका नुसत्या श्रोत्या होतात आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही. मला हे फार लागतं.

ऑक्सफर्डच्या संशोधकांनी 2015 मध्ये प्रौढांच्या नव्या वर्गांचा अभ्यास प्रसिद्ध केला. गाण्याच्या वर्गातली माणसं हस्तकला आणि लेखनाच्या वर्गांपेक्षा लवकर जवळ आली. सात महिन्यांनी मात्र सगळे वर्ग सारखेच जवळ आले होते. गाण्यानं पहिला संकोच मोडतो. पुढची जवळीक गप्पांतून, हाताला हात लावून केलेल्या कामांतून येते, असं मला वाटतं. भजनात तोंड तर गाण्यात गुंतलेलं असतं.

म्हणून काकूंना म्हटलं, आधी नाव विचारा आणि एखादं काम मागून घ्या. त्यांनी पखवाजाला लावायची कणीक मळायचं काम मागितलं. पखवाज वाजवणारा कुणाचा तरी नातू. त्याची कणीक कधी सैल, कधी घट्ट व्हायची. काकू घरून बेताची मळून नेऊ लागल्या. तो डाव्या तोंडाला ती थापतो, वाजवून बघतो, चिमूटभर लावतो, चिमूटभर काढतो, भरदार आवाज येईपर्यंत. भजन संपल्यावर ती खरवडून काढावी लागते, नाहीतर वाळून चामडं खराब होतं. म्हणजे सगळ्यांच्या आधी यायचं, सगळ्यांच्या नंतर निघायचं. सतरंज्या गुंडाळताना अध्यक्षाबाईंशी बोलणं आपोआप सुरू झालं.

मग काकूंनीच सुचवलं, दर गुरुवारी एक अभंग मागच्या बाईनं म्हणावा. एकीनं चरण म्हणायचं, बाकीच्यांनी ध्रुपद, म्हणजे पालुपद, धरायचं. आवाज बारीक असला तरी निभतं. अध्यक्षाबाई म्हणाल्या, स्पर्धा झाल्यावर बघू. काकू हिरमुसल्या, पण जाणं सोडलं नाही. जी आली नाही तिला त्याच रात्री फोन करायचं कामही त्यांनी मागून घेतलं. मंडळ चालवणाऱ्यांनी हे काम एकीच्या नावावर टाकावंच; “कुणीतरी करेल” म्हटलं की कुणीच करत नाही.

आवाजाची भीती अजून आहे, त्यावर आमचं बोलणं चालू आहे. स्पर्धेनंतर जनाबाईंचा अभंग म्हणायचा, हे मात्र काकूंनी ठरवून टाकलंय. अन् चाल गंगाखेडचीच लावणार, असं बजावून गेल्या.