एव्हरेस्टवरून स्नोबोर्डने उतरताना खरा धोका कशाचा असतो?

आपण विचारले आहे की, चढताना दम लागतो आणि विरळ हवेत जीव कासावीस होतो हे पटते. पण फळीवर उभे राहून खाली येण्यात एवढे अवघड काय आहे? मी चिपळूणला राहतो, सह्याद्रीच्या घळींतून चढ-उतार करतो आणि स्नोबोर्ड गुलमर्गला शिकलो. माझ्या मते अशा उतरणीत घसरण्यापेक्षा स्वतःला धरून ठेवण्याचेच काम अधिक असते.

स्नोबोर्डवर दोन्ही पाय एकाच फळीला जखडलेले असतात आणि तीव्र उतारावर त्या फळीची एकच पोलादी कड बर्फात रुतलेली असते. सकाळी बर्फ गोठून टणक झाला असेल, तर ती जेमतेम रुतते, करकर वाजते आणि तिची थरथर थेट गुडघ्यांपर्यंत जाणवते. वळताना ही कड सोडून दुसरीवर जावे लागते. ४५ अंशांच्या उतारावर तेवढ्या क्षणात तोल गेला, तर माणसाला स्वतःला थांबवणे जवळपास अशक्य होते. शिखरावर तर समुद्रसपाटीच्या सुमारे एक तृतीयांशच प्राणवायू मिळतो, त्यामुळे दोन-चार वळणांतच मांड्या भरून येतात.

फ्रान्समधल्या शामोनीचा स्नोबोर्डर मार्को सिफ्रेदी २३ मे २००१ रोजी एव्हरेस्टच्या उत्तर बाजूने, नॉर्टन घळीतून स्नोबोर्डवर उतरला. सुरुवातीलाच थंडीने त्याच्या बाइंडिंगचा, म्हणजे बूट फळीला जखडणाऱ्या पकडीचा, पट्टा तुटला. सोबतच्या शेर्पाने तो तिथेच दुरुस्त केला. सिफ्रेदीचे खरे लक्ष मात्र अधिक सरळ आणि अधिक उभ्या हॉर्नबाइन घळीवर होते. वसंतात तिथला खडक उघडा पडतो, म्हणून तो पुढच्या वर्षी पावसाळ्यानंतर गेला. खोल बर्फ तुडवत शिखर गाठायलाच दुपार झाली. त्या दिवशी, ८ सप्टेंबर २००२ रोजी, तो उतरू लागला आणि नाहीसा झाला. त्याचा देह आजवर सापडलेला नाही.

त्याला बेफिकीर म्हणणे मला अन्यायाचे वाटते, कारण ऋतूची त्याची निवड बरोबर होती. अडचण अशी की, जो ताजा बर्फ खडक झाकतो, तोच हिमस्खलनाचे कारण ठरतो. आपल्याकडे जुलैत पाणी मुरून जड झालेला मातीचा थर खालच्या कातळावरून अखंड सुटतो आणि दरड कोसळते, तसाच नवा बर्फ खालच्या कच्च्या थरावरून सुटतो, आणि पुष्कळदा तो सुटायला त्यावरून जाणाऱ्या एका माणसाचे वजन पुरते. अमेरिकन स्कीपटू जिम मॉरिसन ऑक्टोबर २०२५ मध्ये हॉर्नबाइनमधून स्कीवरून उतरले, तेही पावसाळ्यानंतरच; तरीही उघड्या खडकाचा एक टप्पा त्यांना दोरावरूनच उतरावा लागला.

आपला भाचा शिकायचे म्हणतो असे आपण लिहिले आहे, तर त्याला गुलमर्ग किंवा औलीला जरूर पाठवा. मात्र आखलेल्या उतारांबाहेर पाऊल टाकण्यापूर्वी त्याने बर्फात खड्डा खणून थर तपासायला आणि ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा ठावठिकाणा दाखवणारे रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) व फावडे वापरून गाडलेल्या सोबत्याला शोधायला शिकलेच पाहिजे, कारण गाडलेला माणूस वाचण्याची शक्यता पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने घटते.