त्रुटी टाळण्यासाठी एन्कोडिंगची तपासणी बंद करू नये
जुन्या प्रणालीतील मराठी मजकूर पोस्टग्रेस या डेटाबेस प्रणालीमध्ये भरताना यूटीएफ-८ या एन्कोडिंगसाठी (अक्षरे बाइटमध्ये साठवण्याच्या पद्धतीसाठी) अवैध बाइट असल्याची त्रुटी येते, म्हणून डेटाबेस एसक्यूएल-आस्की या एन्कोडिंग-सेटिंगमध्ये तयार करावा का, असा आपला प्रश्न आहे. माझ्या मते तसे मुळीच करू नये. त्या सेटिंगमध्ये १२७ च्या पुढचे बाइट न तपासता जसेच्या तसे ठेवले जातात आणि कोणती ओळ कोणत्या एन्कोडिंगमधून आली, हे पुढे खात्रीने सांगता येत नाही.

यूटीएफ-८ मध्ये पुढे किती बाइट येणार हे पहिला बाइटच सांगतो आणि पुढचा प्रत्येक बाइट १२८ ते १९१ याच टप्प्यात असावा लागतो. ‘म’ हे अक्षर २२४, १६४, १७४ असे साठते. त्यातला शेवटचा बाइट गळून लगेच मोकळी जागा आली, की पोस्टग्रेस तो मजकूर नाकारते. शून्य बाइटही ते स्वीकारत नाही.

मात्र ही तपासणी रचनेची आहे, अर्थाची नाही. फाइल यूटीएफ-८ मध्ये असताना क्लायंट एन्कोडिंग (येणारा मजकूर कोणत्या एन्कोडिंगमध्ये आहे हे पोस्टग्रेसला सांगणारे सेटिंग) लॅटिन-१, म्हणजे पश्चिम युरोपीय भाषांसाठीचे एका चिन्हाला एकच बाइट देणारे एन्कोडिंग, असे दिले, तर तेथे कोणताच बाइट अवैध ठरत नाही. ‘म’ चे तीन बाइट तीन वेगळी चिन्हे समजली जातात, त्यांचे सहा बाइट होतात आणि ते सहाही नियमांत चोख बसतात. त्यामुळे त्रुटी देणाऱ्या आयातीपेक्षा विनातक्रार पार पडलेल्या आयातीची मला जास्त काळजी वाटते. शंका असल्यास साठवलेला मजकूर लॅटिन-१ च्या बाइटमध्ये बदलून ते बाइट पुन्हा यूटीएफ-८ म्हणून वाचून पाहावेत. त्यातून नीट मराठी बाहेर आले, तर ओळ दुहेरी एन्कोड झालेली आहे. मुळातच शुद्ध देवनागरी असलेली ओळ पहिल्याच पायरीवर अडते, कारण लॅटिन-१ मध्ये देवनागरी नाही.

जुनी प्रणाली मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसवर असेल, तर तिथला स्ट्रिक्ट मोड, म्हणजे चुकीचा मजकूर त्रुटी देऊन नाकारण्याचे सेटिंग, बंद होता का, तेही पाहावे. तो बंद असताना न बसणाऱ्या अक्षरापासून पुढचा मजकूर केवळ इशारा देऊन कापला जाऊ शकतो आणि तो भाग नंतर परत मिळत नाही.

आता आपल्या त्रुटीकडे वळू. संदेशात अवैध बाइट हेक्समध्ये, म्हणजे सोळा अंकांच्या पद्धतीत, छापलेला असतो. तेथे एकटा ९२, म्हणजे दशमानातील १४६, दिसत असेल, तर तो बहुधा विंडोज-१२५२ या विंडोजच्या जुन्या एन्कोडिंगमधील वळणदार अवतरणचिन्हाचा बाइट आहे. अशा वेळी संपूर्ण फाइलचे एन्कोडिंग बदलून सांगितल्यास उरलेले मराठी बिघडेल; म्हणून यूटीएफ-८ मध्ये न बसणाऱ्या ओळी आधी वेगळ्या काढाव्यात, त्यांतील सदोष बाइट तेवढे रूपांतरित करावेत आणि मगच सर्व ओळी यूटीएफ-८ म्हणून भराव्यात.